वन्संची बेटं

“आता पाणी मागितलं तर द्या,” डॉक्टर म्हणाले आणि मला कळायचं ते कळलं. घरी घेऊन जा, फार त्रास होऊ देऊ नका, असं पुढेही ते बरंच बोलले, पण माझं लक्ष पहिल्याच वाक्यात अडकलं होतं. कारण याच डॉक्टरांनी गेली काही वर्षं दर भेटीत मला एकच प्रश्न विचारला होता, “पाणी किती देताय?” किडन्या कामातून गेल्या की प्यालेलं पाणी अंगातच साचतं, आधी पायांवर दिसतं, मग छातीत चढतं, आणि ते यंत्रावरच काढावं लागतं. म्हणून एका डायलिसिसपासून दुसऱ्यापर्यंत माणसाने घोट मोजून प्यायचे असतात. ते मोजायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा आता द्या म्हणाले याचा अर्थ काय, हे मला फोड करून सांगायची गरज नव्हती. दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या माझ्या मनात पहिला विचार आला तो मात्र असा, की या आठवड्यात नळ आलेलाच नाही, घरी माठात टँकरचं पाणी आहे... ते चालेल ना वन्संना? या शहरात संसार केलेल्या बाईचं डोकं असंच चालतं, त्याला इलाज नाही.

वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत त्यांना प्रभाबाई म्हणायचे आणि त्या भूगोल शिकवायच्या. मूळच्या देवगाव रंगारीच्या, शिकायला म्हणून शहरात आल्या, नोकरीला लागल्या आणि धाकट्या भावालाही त्यांनीच इथे आणलं. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या वयाच्या मुली नणंदेला सरळ ताई म्हणायला लागल्या होत्या. पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, “हिला वन्सं म्हणायचं.” म्हटलं, आणि तेच तोंडात बसलं. पुढे सासूबाई गेल्या, मग आमचे हे गेले, मुलगा मंदार पुण्याला गेला, आणि पुंडलिकनगरच्या घरात आम्ही दोघी उरलो. ज्यांच्यामुळे नातं ते माणूसच गेल्यावर नणंद-भावजयीने एका घरात राहायचं म्हणजे काय, असं लोकांना वाटायचं. आम्हालाही वाटलं असेल. पण रोज नळ आहे की नाही, टँकर कधी येणार, वरची टाकी कुणी बघायची, या कटकटीत तो प्रश्न विचारायला सवडच झाली नाही. मी कचेरीत टायपिस्ट होते, त्या शिक्षिका. दोघींनाही न बोलता काम उरकायची सवय होती.

हे घर बांधलं तेव्हा गच्चीवरून ज्वारीची रानं दिसायची. आता मागच्या इमारतीचे संडासाचे पाइप दिसतात. बोअरला पहिल्यांदा लवकर पाणी लागलं होतं, मग ते खाली गेलं, मग आणखी खाली गेलं, आणि जे उरलं ते इतकं जड झालं की त्यात डाळ शिजेना आणि बादलीला पांढरा थर धरायला लागला. शहर चारी बाजूंनी पसरत गेलं आणि नळाच्या दोन दिवसांमधलं अंतरही त्याच्यासोबत पसरलं. दुष्काळाच्या सालात पेपर उघडला की आधी धरणाचा आकडा बघायचा. धरण मृतसाठ्यात गेलं, म्हणजे दारातून आपोआप सुटणारं पाणी संपलं, आता तळाचं पाणी उपसून आणायचं. मृतसाठा हा शब्द आमच्या घरात मिठाइतका रोजचा होता.

निवृत्त झाल्यावर वन्संनी मंदारचा जुना कॉम्प्युटर झाकण काढून पुसला आणि उस्मानपुऱ्यातल्या एका क्लासला नाव घातलं. तिथली मुलं लग्नाचे आणि वाढदिवसाचे फ्लेक्स बनवायला शिकायची. शिकवणारे अझहर सर, वन्संच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, काय शिकायचंय? वन्सं म्हणाल्या, “मला बेट करायचंय.” सर म्हणाले, “हौ मॅडम, हो जाता. फोटो लाये क्या बेटे का?” वन्संना वाटलं, नमुन्यासाठी एखाद्या बेटाचा फोटो मागतायत. त्या म्हणाल्या, “फोटो कुठून असणार? ते अजून जगात नाही, मलाच तयार करायचंय.” सरांना वाटलं, एकटी म्हातारी बाई, नसलेल्या मुलाचा फोटो बनवून मागतेय... त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. शेवटी वन्संच्या डोक्यात प्रकाश पडला. “अहो बेटा नाही, बेट! जजीरा, जजीरा!” तेव्हा सगळा वर्ग हसला आणि सर म्हणाले, “जजीरा बोलो ना मॅडम! मेरी तो जान निकल गई थी.” घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी हसून हसून खाली बसले. तेव्हापासून मी त्यांच्या बेटांना बेटेच म्हणायची. “काय वन्सं, आज कोणता बेटा झाला?” त्याही म्हणायच्या, “झालाय, पण नाक-डोळे यायचेत अजून.”

बेट कसं करतात ते त्यांनी मला इतक्यांदा दाखवलं होतं की आता मीही करू शकेन. फोटोशॉपमध्ये कोरा कागद घ्यायचा आणि ढग नावाची एक आज्ञा द्यायची. इंग्रजीत ती ‘क्लाउड्स’ आहे, पण वन्सं ढगच म्हणायच्या. कागदभर काळे-पांढरे ढग दाटून येतात. परत दाबलं की दुसरे येतात, पुन्हा तेच कधीच येत नाहीत. मग एक खूण सरकवायची. उजवीकडे नेली की काळं वाढतं, तो समुद्र. डावीकडे आणली की पांढरं वाढतं, ती जमीन. मध्ये कुठेतरी थांबलं की ढगातून बेट बाहेर येतं, खाडी, टोकं, आखातं सगळं घेऊन. बाहेर मे महिन्याचं ऊन, आभाळात टिपूस नाही, आणि आत वन्सं ढगांवर ढग आणतायत. शेजारच्या बाई डोकावून म्हणायच्या, “आलं का आभाळ?” वन्सं म्हणायच्या, “आलंय, पण सगळं खारं होऊन बसतंय.”

पुढचं काम मात्र त्या भूगोलाच्या बाईंसारखंच करायच्या. आधी वारा कुठून येतो ते ठरवायचं. मग डोंगर. मग पाऊस कुठल्या बाजूला पडणार ते. मग नद्या, आणि सगळ्यात शेवटी गावं. नदी नाही तिथे गाव टाकायचंच नाही, हा त्यांचा नियम होता. आमच्या भागातल्या नव्या इमारतींकडे बघून त्या म्हणायच्या, “ह्यांनी शेवटाकडून सुरुवात केलीय बघ.” त्यांच्या प्रत्येक बेटाच्या डोंगरापलीकडे पिवळट रंगाचा एक कोरडा पट्टा असायचा. तो पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगर पाऊस अडवून धरतो म्हणून त्याच्या पाठीमागे जे कोरडं राहतं ते. आपला मराठवाडा तसाच. मी एकदा वैतागून म्हटलं, “वन्सं, बेट तुमचं, पाऊस तुमचा. इथं तर पाडा की सगळीकडं! इथं कोण अडवतंय?” त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी परीक्षेत कॉपी करायचं सुचवलंय. “डोंगर आला की पर्जन्यछाया आलीच. मनातलं बेट झालं म्हणून काय खोटं काढायचं?” एवढं बोलून पुन्हा त्या पिवळा रंग भरायला लागल्या. मला राग आला होता. आपल्या वाट्याचा दुष्काळ कमी पडतो म्हणून हाताने आणखी काढायचा!

नावांची गंमत वेगळी. त्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी जोडाक्षरं फुटायची. ‘श्रीरामपूर’ लिहिलं की श एकीकडे आणि र दुसरीकडे. ऱ्हस्व वेलांटी तर भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. अझहर सरांनी नवीन फाँट आणून दिले, पण वन्संना ते जमले नाहीत. मग त्यांनी उपाय काढला, की जोडाक्षर नसलेलीच नावं ठेवायची. त्यामुळे त्यांच्या बेटांवर कमळगाव, रानवड, उमाळा, जांभूळघाट अशी साधी माणसासारखी नावं आली. सगळ्यात मोठ्या बेटावर त्यांनी एक धरण बांधलं आणि त्याला नाव दिलं सुलभासागर. सुलभा म्हणजे मी. मी विचारलं, “धरणाला माझं नाव का?” त्या म्हणाल्या, “तुझ्या नावात जोडाक्षर नाय. ते फुटत नाय.” मग जरा वेळाने, मुद्दाम दुसरीकडे बघत, “आणि ते धरण दार उघडत नाय. कितीबी मागा.”

कारण तोवर त्यांचा आजार सुरू झाला होता आणि घरातलं पाणी माझ्या हातात आलं होतं. एका प्लास्टिकच्या बाटलीवर मी नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती. सकाळी रेघेपर्यंत भरायची, दिवसभर तीच. चहा, गोळ्या, ताक, सगळं त्यातूनच वजा. तहान लागली तर बर्फाचा खडा, नाहीतर गुळणी करून थुंकायची. आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं, शत्रूलाही पाणी नाही म्हणू नये. मी वर्षानुवर्षं रोज म्हणत होते, तेही माझ्याच माणसाला. पुण्य वगैरे सोडाच, पण हात थकायचा हो... नाही म्हणून म्हणून हात थकतो, हे मला तेव्हा कळलं. त्या मागायच्याही कशा, तर हळूच, वर्गात परवानगी मागतात तशा. “सुलभा, लई कोरडं पडलंय गं.” एकदा मोरीतून गुळणीचा आवाज आला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, “वन्सं, गुळणी ऐकू आली, थुंकलेलं नाही आलं!” आतून उत्तर आलं, “तू भावजय आहेस का पोलीस खात्यात आहेस?” मग आम्ही दोघीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी त्यांना दम लागला, रात्रीचं झोपणं बसून झालं, आणि मी आठवडाभर त्यांच्याशी नीट बोलले नाही.

डायलिसिसच्या दिवशी रिक्षातून जाताना आमचं बोलणं बहुधा पाण्याचंच असायचं. नवीन कॉलन्यांच्या पाट्या लागायच्या, त्यावर निळे तलाव आणि कारंजी. वन्सं म्हणायच्या, “निळा रंग स्वस्त झालाय लई.” यंत्राला त्या चार तास बांधलेल्या असायच्या आणि मी बाहेर. नर्स वजन करायची, किती पाणी काढलं ते सांगायची. त्या आकड्यावरून मला कळायचं की मधल्या दिवसांत चोरून किती प्यायल्या. परतताना त्या थकून माझ्या खांद्यावर डोकं ठेवायच्या आणि एकदा डोळे मिटूनच म्हणाल्या, “धरण मृतसाठ्यात गेलं म्हणं. आम्ही दोघं बरोबरच.” आम्ही दोघं म्हणजे त्या आणि धरण. मी रिक्षावाल्याला उगीच सांगितलं, हळू चालव.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या फारशा खुर्चीत बसू शकत नव्हत्या. तरी पाठीला उशा लावून त्यांनी एक बेट पूर्ण केलं. त्याला नाव दिलं नव्हतं. मंदार आला होता, त्याने ते दुकानातून मोठं छापून आणलं आणि कॉम्प्युटरच्या वरच्या भिंतीला चिकटवलं. मी बघत उभी राहिले. इतक्या वर्षांत मलाही थोडा भूगोल आला होता. डोंगर बरोबर होता, त्याच्या पश्चिमेला हिरवं, पूर्वेला तो पिवळा पट्टा. सुलभासागर याही बेटावर होता, डोंगराच्या पश्चिमेला, ओल्या बाजूला. आणि पिवळ्या पट्ट्याच्या मधोमध एक ठळक निळी नदी.

“वन्सं, ही नदी चुकलीय,” मी म्हटलं.

“कुठं?”

“इथं. हा पर्जन्यछायेचा भाग ना? मग हिला पाणी कुठून आलं? डोंगर चढून आली का ही?”

त्या हसल्या. हसताना आता त्यांना धाप लागायची. “शिकलीस की गं. चढून नाय आली. सुलभासागरातनं सोडलंय. दार उघडलंय त्यानं.”

पश्चिमेच्या धरणाचं पाणी डोंगर ओलांडून पूर्वेला येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मला सगळं समजलं. ज्या बाईने मनातल्या बेटावरही कधी खोटं काढलं नाही, तिने माझ्यासाठी एक अख्खी नदी चुकीची काढली होती. मंदार तिथेच होता, म्हणून मी चेष्टेवर नेलं. म्हटलं, “सुलभासागर कोरडाय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” त्या म्हणाल्या, “ते बी खरंच.” मी आत गेले, ओट्याला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. वाईट वाटून आलं आणि रागानेही आलं. असल्या गोष्टी सरळ तोंडाने मागाव्यात, नकाशात काढून मागू नयेत. बाटलीत रेघेखाली अजून बोटभर पाणी होतं. ते दिलं. त्याच्या वर थेंब दिला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दवाखान्यात न्यावं लागलं आणि डॉक्टरांनी ते वाक्य उच्चारलं. घरी आणलं. कॉम्प्युटरच्याच खोलीत त्यांची खाट होती. दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “सुलभा, पाणी.” मी विचारलं, “जारचं देऊ का?” मान हलवली. “माठातलं.” मी स्टीलचा पेला काठोकाठ भरून आणला. त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“भरून?”

“हो. डॉक्टरांनी सांगितलंय, मागाल तेवढं द्या.”

शिक्षिका होत्या त्या. त्यांनाही उत्तर फोड करून सांगावं लागलं नाही. बाहेर कुणाच्या तरी दारात टँकरचा भोंगा वाजत होता. मग मी मानेखाली हात घालून त्यांना उठवलं. त्यांनी एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला, सवयीने, गुळणीसारखा. मग गिळला. दुसरा घेतला. मी वाट बघत होते, आता घटाघटा पितील, इतक्या वर्षांची तहान एकदाची भागेल, आणि माझीही या कामातून सुटका होईल. त्यांनी पेला हाताने बाजूला सारला.

“पुरे. ठेव झाकून. उद्याच्या नळाचा काही भरवसा नाय.”

तेवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या, आणि त्याच दिवशी, खरंच सांगते, नळ आला. घरात माणसं जमलेली, आणि कोणीतरी शेजारीण माझ्या टाकीचा कॉक उघडून गेली. मी तिला आजवर धन्यवाद दिलेले नाहीत, ती वाचत असेल तर तिने ते मानून घ्यावेत.

दिवस मंदारने केले. गुरुजींनी त्याला आत्याच्या नावाने पाणी सोडायला लावलं, पळीमागून पळी, ओंजळीमागून ओंजळ. मी बाजूला बसले होते. मध्येच माझा हात आपोआप पुढे झाला, बस कर, इतकं चालत नाही त्यांना, असं सांगायला. मंदारने ते बघितलं आणि त्याच्या ओंजळीतलं पाणी सांडलं. गुरुजी म्हणाले, असू द्या, पुढचं घ्या.

मंदार जाताना म्हणाला, “आई, त्या शेवटच्या बेटाला आत्याचं नाव दे.” म्हणून मी एक दिवस कॉम्प्युटर लावला, ते बेट उघडलं. प्रभा लिहायला हवं होतं, पण तो शब्द माझ्या तोंडचा नव्हे. मी लिहिलं, वन्सं. आणि पडद्यावर तो शब्द फुटला. ‘वन्’ एकीकडे, ‘सं’ दुसरीकडे. त्या कॉम्प्युटरला जोडाक्षर कुठे येतं? मी पुसून पुन्हा लिहिलं, पुन्हा तसंच. मग उठले. म्हटलं, असू दे बिननावाचं. या शब्दाने मी जन्मात एकाच माणसाला हाक मारली, आता तो कुठे लिहून ठेवायचाय? पण हाक मारायला कुणी नसलं की घर फार मोठं होतं. बाटली अजून मी सकाळी पहिल्यांदा भरते, लाल रेघेपर्यंत. भरून झाल्यावर आठवतं.

तो पेला मात्र तिथेच होता, कॉम्प्युटरच्या टेबलावर, झाकलेला. ठेव म्हणाल्या होत्या म्हणून मी तो ओतला नाही. तुळशीला घाल, असं एकदोघींनी सुचवलं, पण माझा हात झाला नाही. दिवस झाल्यावर झाकण तेवढं काढलं. उन्हाळा कडक होता, पंखा फिरत होता, आणि पाणी रोज थोडं थोडं खाली जात राहिलं. वाया गेलं असं मी म्हणणार नाही. वन्सं असत्या तर वर बोट दाखवून सांगितलं असतं, कुठं जातंय ते. मागच्या आठवड्यात पेला कोरडा झाला. टँकरचं जड पाणी ते, आत कडेने पांढऱ्या रेघा उमटल्यात, आणि तळाशी, जिथे शेवटचं पाणी वाळलं, तिथे क्षाराचा एक वेडावाकडा डाग राहिलाय. त्याला टोकं आहेत, खाचा आहेत, पश्चिमेला एक चांगलं मोठं आखात आहे.

कामाला येणारी कांता तो पेला रोज उचलते. “बाई, लई क्षार धरलाय ह्याला. लिंबू लावून घासू का?”

“नको,” मी म्हणते. “वन्संचं बेट आहे ते.”

ती माझ्याकडे बघते, पेला होता तिथे ठेवते आणि बाकीची भांडी घेऊन मोरीत जाते.